टिटवीची अंडी वर कोणी नेली

२९ एप्रिल २००१, रविवार

पुन्हा तोच घोळ. पूर्वेची टेकडी आडवी येते. सूर्य तिच्या डोक्यावर येईपर्यंत तलावाचं पोट सावलीत, आणि सावली सरली की उजेड पांढराफटक. मधला सोनेरी उजेड पडतो तो फक्त पलीकडच्या मुरमाच्या उंचवट्यावर. तिथे पक्षी म्हणून फिरकत नाहीत. शेकाटे आपले लाल लांब पाय घेऊन खाली चिखलात. एक तुतवार शेपूट हलवत काठाकाठाने. सगळे सावलीत. अर्धा रोल वाया.

विनायक सोबत होता. बँकेत कॅशला बसतो. फोटो काढायला माझ्याच स्टुडिओत शिकला, आता मलाच शिकवतो. नवीन कॅमेरा घेतलाय, तो स्वतःच फोकस करतो. मालकाने फक्त श्वास रोखायचा. तेही याला जमत नाही.

येताना तांड्यावर नाईकांकडे चहा. लिंबाजी नाईक म्हणाले, "भाऊ, लगनाचे फोटो काढून पोट भरत न्हाई का, की पाखरायच्या मागं लागले?" हसलो. काय सांगणार.

६ मे, रविवार

टिटवी बसली! पाण्यापर्यंत गेलेली गाळाची जी जीभ आहे, तिच्या टोकाला. घरटं कसलं, नुसता खळगा, भोवती खडे. चार अंडी, मातीच्या रंगाची, काळे डाग. पाय पडला असता. टिटवी डोक्यावर नुसती किंचाळत होती, विनायक दोन्ही हातांनी टक्कल झाकून उभा.

जागा मात्र वाईट. सगळ्यात उशिरा उजेड पोचतो तिथे. वैतागून मोठ्याने म्हणालो, "जरा वर, त्या मुरमावर बसली असती तर काय फोटो झाला असता!" तेव्हा नाईक आणि त्यांची म्हातारी आई धुरपताबाई मागे येऊन उभे होते, मला कळलंच नाही. ते अंडी पाहायला आले होते. तांड्यावर दरसाल पाहतात. टिटवीने तलावाच्या पोटात घातली तर पाणी तिथवर चढायचं नाही, म्हणजे पाऊस कमी. उंचावर घातली तर तलाव भरणार. पेरणीची घाई करायची की थांबायचं, ते यावरून.

म्हातारी बराच वेळ बघत राहिली. "खालीच घातली रं," म्हणाली. नाईकांचं तोंड उतरलं. विनायक माझ्या कानात म्हणाला, हवामान खात्यापेक्षा बरं आहे. त्याला गप्प केलं. आपण त्यांच्या तलावावर पाहुणे.

९ मे, बुधवार

जवळा बाजारला लग्न. मंगळसूत्र घालताना नेमका फ्लॅश उडाला नाही. नवरदेवाला पुन्हा घालायला लावलं. मांडवात हशा. कोणीतरी ओरडलं, "हे फोटोवाले सात फेरेबी उलटे घेऊन लावतील!" हसलो, पण मनात राहिलं. लोकांना वाटतं आम्ही फोटो काढत नाही, घडवतो. खोटं नाही म्हणा.

घरी आल्यावर पाठ धरली. कुसुमने तेल लावून दिलं आणि लावता लावता ऐकवलं, "पहाटे पाखरं, दिवसा वराती. घरात आम्ही कुठल्या उजेडात दिसतो तेवढं सांगा."

१३ मे, रविवार

विनायक आला नाही. निरोपही नाही.

अंडी जरा मागे वाटली. जिभेच्या टोकाला होती, आता मध्यावर. मी गेल्या रविवारी नीट पाहिलं नसेल. टिटवी बसलीये तशीच, लाल चोच, पिवळे पाय पोटाखाली. माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती. सावलीतच दोन फोटो घेतले आणि परतलो.

काठावर गाडीचं चाक उमटलेलं. रुंद टायर. विनायकच्या गाडीसारखं वाटलं. पण तसे टायर कोणाचेही असतात.

१७ मे, गुरुवार

मिळाला!

अंडी मुरमाच्या उंचवट्यावर. टिटवी वर बसलेली, मागे सावलीतलं निळं पाणी, आणि टेकडीच्या खांद्यावरून आलेला पहिला उजेड तिच्या अंगावर. मानेवरचा पांढरा पट्टा पिवळा झालेला, प्रत्येक खड्याची सावली लांब. अख्खा रोल काढला. इतकी वर्षं कॅमेरा हातात धरून असं सुख क्वचित. देवाने आज मला पाहिलं असं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

रोल संपल्यावर डोकं चालायला लागलं. अंडी इथे आली कशी?

खाली जिभेवर गेलो. जुना खळगा रिकामा. मध्यावरचाही रिकामा.

तोवर नाईक आले. चेहरा खुललेला. "पाह्यलं का भाऊ? वर घातली! टिटवी देखील समुद्र आटविते म्हणतात, इथं तर भरवून राहिली!" तांड्याचं म्हणणं, खालची अंडी मुंगसाने खाल्ली, टिटवीने नवीन वर घातली. यंदा रोहिणीतच धूळपेर करायची ठरलीय. पावसाआधी कोरड्या मातीत सरकी टोबून मोकळं व्हायचं. पाऊस पडला की रान सगळ्यांच्या आधी वर.

मी कॅमेरा बॅगेत भरला. बोलायला हवं होतं का, ते तेव्हा कळलं नाही.

१९ मे, शनिवार

दुपारी डार्करूममध्ये होतो. सहा तारखेला काळ्या-पांढऱ्या रोलवर अंड्यांचे जवळून दोन फोटो घेतले होते, सतरालाही शेवटच्या दोन फ्रेम अंड्यांच्याच. दोन्ही मोठे करून शेजारी ठेवले.

तीच अंडी आहेत. एकाच्या जाड टोकाला भला मोठा काळा डाग, त्याला लागून तीन बारके. दोन्हीकडे तोच. दुसऱ्यावर वाकडी रेघ, तीही तीच. नवीन अंडी नव्हेत. कोणीतरी उचलून नेली.

आणि नुसती उचलून नाही. थोडी थोडी, हात हात करत. एकदम लांब ठेवली तर टिटवी सोडून देते, हळूहळू सरकवली तर अंड्यांमागे येते. हे मला माहीत आहे कारण विनायकनेच सांगितलं होतं. कुठल्याशा परदेशी मासिकात वाचून. तिकडे काही फोटोवाले असंच करतात म्हणे.

भिंग लावून पुन्हा पाहिलं. भोवतीचे खडेसुद्धा नीट लावलेत, टिटवी लावते तसे, बारके आत, मोठे बाहेर. ज्याने केलं त्याचा हात फार हलका. विनायकचा हात असा नाही, त्याच्या हातून रोलसुद्धा नीट चढत नाही. नाईकांची बोटं तर मुसळासारखी.

असा हात माझा आहे. निगेटिव्हवर ब्रश मारून मारून झालेला. हे मनात आलं आणि भिंग खाली ठेवलं. मी केलेलं नाही. मी माझ्याच रोजनिशीत हे काहून लिहून राहिलो! बघा, नाईकांची भाषा लागली.

२० मे, रविवार

पहाटे गेलोच नाही. संध्याकाळी विनायककडे गेलो. सहज विचारलं, मधल्या दिवसांत तलावावर गेला होतास का?

"नाही बुवा. ऑडिट आहे."

बायको आतून म्हणाली, "काय नाही? मंगळवारी पहाटे कुठे गेला होता मग?"

"ते वारंगा फाट्याला. साहेबांना आणायला."

साहेबांना आणायला पहाटे कॅमेऱ्याची बॅग घेऊन? बॅग दाराशी होती, तिच्या तळाला मुरमाची लाल धूळ. पण तीच बॅग घेऊन तो सहा तारखेलाही आला होता. त्याने विचारलं नाही की तू का विचारतोयस. ते जास्त खटकलं. निर्दोष माणूस विचारतो.

की उलट? चोराच्या मनात चांदणं, आणि चांदण्यात फिरतोय मी.

२१ मे, सोमवार

सांगायचं की नाही.

सांगितलं तर पहिला संशय माझ्यावर. "वर असती तर" असं मोठ्याने कोण म्हणालं होतं? मीच. फायदा कोणाला झाला? मला. न सांगावं तर तांडा त्या अंड्यांच्या भरवशावर मातीत सरकी घालणार. पाऊस आला तर ठीक. नाही आला तर मुंग्या खातील, उरलेली उन्हात भाजेल. अंड्यांवरून पाऊस कळतो यावर माझा विश्वास नाही. पण त्यांचा आहे, आणि त्यांना खोटं पान वाचायला दिलंय कोणीतरी.

कुसुमला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. जुडी खाली ठेवून म्हणाली, "खरं सांगा. तुम्ही नाही ना हलवली?"

अठरा वर्षांचा संसार.

२२ मे, मंगळवार

गेलो. दोन्ही फोटो घेऊन. हात दाखवून अवलक्षण.

नाईक ओट्यावर, धुरपताबाई आत चुलीपाशी. फोटो मांडले, डाग दाखवले, म्हणालो ही अंडी तीच आहेत, कोणीतरी वर आणलीत, यावर पेरणी करू नका.

नाईकांनी फोटो हातातही घेतले नाहीत. बसल्या जागेवरून पाहिले. मग मान वळवून भिंतीकडे बघितलं. तिथे त्यांच्या वडिलांचा फोटो. तो माझ्याच स्टुडिओतला. म्हातारा गेल्यावर तांड्यावर एकही फोटो निघाला नाही, म्हणून तिरडीवरचाच काढून घेतला होता. मिटलेल्या पापण्यांवर मी उघडे डोळे रंगवले, डोक्याला फेटा चढवला, मागे बाग लावली. फ्रेम नेली त्या दिवशी धुरपताबाई फोटोपुढे किती तरी वेळ बसून होती.

"भाऊ," नाईक म्हणाले, "माह्या बाचे डोळे मिटलेले होते. तुमी उघडले. लई चांगले उघडले, नाव ठेवायला जागा न्हाई. मग दोन अंड्याचे डाग सारखे करायला तुमाला कितीक तकलीफ?"

बरोबर होतं त्यांचं. ब्रश हातात घेऊन मी ते डाग अर्ध्या तासात करू शकतो.

म्हणालो, पण नाईक, मी कशाला करू असं?

"मीबी तेच इचारून राहिलो. पेरू नका असं सांगायला तुमी हिंगोलीवरून काहून आले? कोणं पाठवलं?"

म्हातारी चहा घेऊन आली. मला दिला. तिने फोटोंकडे एकदाही पाहिलं नाही. हे मला येताना वाटेत आठवलं. घरात चार पावलांवर टिटवीच्या अंड्यांचा एवढा मोठा फोटो, आणि जी बाई दरसाल अंडी पाहायला तलावात उतरते तिला तो बघावासा वाटला नाही?

पण तिला नजर कमी आहे. असेलही.

२५ मे, शुक्रवार

रोहिणी लागली. तांड्यावर सरकी टोबली. रस्त्यावरून जाताना दिसलं, बायका ओळीने वाकलेल्या, धुळीचा लोट. मी गाडीवरून लग्नाला चाललो होतो, कोणी हात केला नाही. नेहमी करतात.

३ जून, रविवार

गेलो, पण कोणाला दिसू नये म्हणून फेर घालून, टेकडीच्या बाजूने. चोरासारखा. काय वेळ आली.

पिल्लं निघाली. काडीएवढ्या पायांवर धावत होती. टिटवी माझ्याकडे पाहून पंख मोडल्याचं सोंग करत लंगडत दूर गेली, म्हणजे मी तिच्या मागे जावं आणि पिल्लांना विसरावं. किती वेळा पाहिलंय हे, तरी मी प्रत्येक वेळी दोन पावलं जातोच.

उंचवट्यावर टरफलाचा एक तुकडा. खिशात घातला. मग काढून टाकला. कोणी विचारलं तर काय सांगू.

१२ जून, मंगळवार

मृग कोरडा. वारा सुटतो, ढग येतात आणि परभणीकडे निघून जातात. कुसुम म्हणते तुम्ही शेतकऱ्यासारखे वर काय बघता, आपल्याला तर छपराची काळजी. तिला माहीत आहे मी काय बघतो.

२४ जून, रविवार

जे व्हायचं ते झालं. दहा दिवसांपूर्वी एक सर येऊन गेली, तेवढ्यावर सरकी उगवली, मग ऊन. कोवळी रोपं करपली. परवा पाऊस झाला, आता तांडा दुबार पेरणी करतोय. ज्यांनी थांबून पेरलं त्या शेजारच्या गावात काहीच नुकसान नाही.

नाईक स्टुडिओत आले. आजवर मीच त्यांच्याकडे जात आलो, ते आले नव्हते. बसा म्हटलं, बसले नाहीत.

"तुमी सांगितलं व्हतं. खरं झालं."

मला क्षणभर बरं वाटलं. मग ते म्हणाले, "पण कोणी हलवली हे ठाऊक असल्याबिगर, हलवली हे कसं ठाऊक होईल?"

म्हटलं, फोटो दाखवले ना तुम्हाला.

"फोटो, व्हय." काउंटरच्या काचेखाली नमुन्याचे फोटो आहेत, त्यांत एक फेटेवाला, डोळे रंगवलेला. दुसऱ्या कोणाचा. त्यावर त्यांचं बोट होतं. "तांड्यावर समदे एकच नाव घेऊन राहिले. मी आजून घेतलं न्हाई."

आणि गेले. दिवाळीनंतर त्यांच्या नातीचं लग्न आहे. फोटोला नांदेडचा माणूस सांगितलाय, हे मला दुसऱ्याकडून कळलं.

राग आला. सांगायला गेलो तो मी, आणि गुन्हेगार मीच! गप्प बसलो असतो तर आज तिथे चहा पीत असतो. लिहून ठेवतो, पुन्हा कोणाच्या भल्याला जायचं नाही. जाणार, माहीत आहे. तरी लिहून ठेवतो.

१५ जुलै, रविवार

विनायकने नांदेडच्या लॅबमधून मोठा रंगीत फोटो करून आणला. टिटवी, मुरमाचा उंचवटा, सोनेरी उजेड, निळं पाणी. माझाच फोटो म्हणावा इतका सारखा. पण माझा नाही, त्याचा. म्हणजे मे महिन्यातल्या त्या मंगळवारी तो तिथेच होता.

सरळ विचारलं. इतके दिवस साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. तू हलवलीस, तूच मासिकात वाचलं होतंस, तांड्याचं वाटोळं केलंस, माझं नाव घालवलंस.

तो पांढरा पडला. मग म्हणाला, "मी मंगळवारी गेलो तेव्हा अंडी वर होती. मला वाटलं तू नेलीस."

"मी?"

"तू म्हणाला होतास ना, वर असती तर. आणि ते खडे. इतके सुबक खडे दुसरं कोण लावणार? म्हणून मी कोणाला सांगितलं नाही मी तिथे गेलो होतो. कोणी विचारलं असतं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं. खोटं बोललो तुझ्यासाठी. घरातसुद्धा."

खरं बोलत असेल तर माझ्यासारखा कृतघ्न नाही. खोटं बोलत असेल तर त्याच्यासारखा नट नाही. कॅशला बसणाऱ्या माणसाला चेहरा कोरा ठेवता येतो. पण त्याचे डोळे भरले होते. ते कसे आणणार?

फोटो तिथेच ठेवून गेला. परत द्यावा की लावावा, ठरत नाही. फोटो सुरेख आहे. माझ्यापेक्षा चांगला.

१२ मे २००२, रविवार

वर्षभर तलावाकडे गेलो नाही. रोजनिशीतही पाखरू नाही. लग्नं, पासपोर्ट साइझ, शाळांचे ग्रुप.

काल बाजारात धुरपताबाई भेटली. मी तिला स्टुडिओच्या ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. जाताना म्हणाली, "टिटवी बसली रं बाबा. खाली." एवढंच. आमंत्रण होतं की इशारा, कळलं नाही. तिच्या हातांकडे पाहिलं. सुरकुतलेले, बारीक. गोधडीचे टाके घालणारे हात. बांगड्यांच्या मापाचं सोडून बाकी काही सांगत नव्हते.

आज पहाटे गेलो. गाडी वर रस्त्यावर लावली, चालत उतरलो. अजून सावली होती. गाळाच्या जिभेवर कोणीतरी घोंगडी पांघरून बसलेलं. जवळ गेलो तर नाईक. टिटवी थोड्या अंतरावर अंड्यांवर, सवय झाल्यासारखी, ओरडतही नव्हती.

"किती दिवस बसता असे?" मी विचारलं.

"घातली तवापून. रोज पहाटं."

कोणापासून राखता, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही. मी उभाच. कॅमेऱ्याची बॅग खांद्यावर.

मग ते जरा सरकले आणि घोंगडीचा कोपरा माझ्यासाठी मोकळा केला. "बसा. दोघंबी राखू. मी तुमाला पाहतो, तुमी मला पाहा."

बसलो. समोरच्या मुरमावर सोनेरी उजेड आला. तिथे काहीच नव्हतं, नुसते खडे. मी बॅग उघडली नाही. नाईकांची नजर बॅगेवर होती. माझी, त्यांच्या हातांवर.